राहिलेलं पान

चाकणच्या एमआयडीसीत रबरी सील बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. मशीनमधून निघालेलं सील खोक्यात जाण्याआधी शेवटचं एका टेबलावर येतं, आणि त्या टेबलावर गेली चौदा वर्षं रिबका उजागरे बसते. काम ऐकायला सोपं आहे. बांगडीएवढी रबरी रिंग डाव्या हातात धरायची आणि उजवा अंगठा तिच्या आतल्या कडेवरून एकदा फिरवायचा. कड सलग लागली तर हिरवा ट्रे, कुठे केसाएवढी चीर लागली तर लाल. दिवसाला दोन-अडीच हजार नग. बाकीच्या बायका भिंग वापरतात, रिबका वापरत नाही. समोरच्या बाईच्या सुनेच्या तक्रारी ऐकता ऐकता तिचा अंगठा मध्येच थांबतो, आणि तो थांबला की क्वालिटीचे साहेबसुद्धा वाद घालत नाहीत.

एकदा घातला होता. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि शेवटची चार खोकी तपासायची राहिलेली. साहेब म्हणाले, "ताई, माल कालच्याच लॉटचा आहे. नुसता ओकेचा शिक्का मारा."

रिबकाने शिक्का त्यांच्या पुढ्यात सरकवला. "तुम्ही मारा साहेब. हात फिरवल्याशिवाय मी मारत नाही."

ट्रक दोन तास थांबला. कारखान्यात ही गोष्ट अजून सांगतात, आणि दर वेळी ट्रक थोडा जास्त वेळ थांबतो. अशी ही बाई. शेहेचाळीस वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला मोजकी आणि नको तितकी नेटकी.

रविवारी ती निगडीच्या मंडळीत जायची. मंडळी म्हणजे फार मोठी नव्हे, नगर आणि जालन्याकडून कामधंद्यासाठी आलेली साठ-सत्तर ख्रिस्ती कुटुंबं. पण तिथेही रिबकाचा शब्द चालायचा. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या मुलाची मुलाखत असो, "रिबकाताईंना प्रार्थनेला सांगा" हे ठरलेलं. मंडळीत शास्त्रवाचनाचा एक छापील तक्ता मिळे. रोजचे अध्याय वाचून चौकटीत खूण करायची, वर्षात अख्खं पवित्र शास्त्र संपवायचं आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, शास्त्र रविवारी, प्रशस्तिपत्र घ्यायचं. पहिल्या वर्षी सतरा जणांनी घेतलं. दुसऱ्या वर्षी सहा जणांनी. चारही वर्षं घेणारी एकटी रिबका होती. रुपीनगरच्या तिच्या दोन खोल्यांत टीव्हीच्या वर चार फ्रेमा ओळीने टांगल्या होत्या आणि पाचवीसाठी खिळा ठोकून झाला होता.

आणि या बाईला काहीही वाटत नव्हतं.

शंका वगैरे नव्हती हो. देव आहे हे तिला तळवड्याच्या रस्त्याइतकं ठाऊक होतं. दुःखही म्हणावं असं नव्हतं. नवरा, शांतवन, एका गोदामात दुसऱ्या पाळीला होता, निर्व्यसनी होता आणि झोपेवर त्याचं अतोनात प्रेम होतं. मुलगी मिरजेला नर्सिंगला होती, ती रविवारी न चुकता फोन करायची. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त शास्त्र उघडलं की अक्षरं डोळ्यांतून आत जायची आणि आत कुठे टेकायची नाहीत. प्रार्थना म्हणताना शब्द बरोबर क्रमाने बाहेर पडायचे. लोक डोळे पुसायचे, आणि तिला मात्र मनात गॅस बंद केला की नाही ते आठवायचं. लहानपणी नेवाशाला टाळ-मृदंगावर येशूची भजनं सुरू झाली की ती ताटावरून उठून पळायची, हे तिला आठवत होतं. पण ते कुणीतरी दुसऱ्या मुलीबद्दल सांगितल्यासारखं. हे कधी सुरू झालं, विचाराल तर तिला सांगता आलं नसतं. कुणाला सांगणंही शक्य नव्हतं. पोहायला शिकवणाऱ्याने आपल्याला पोहता येत नाही म्हणून कुणाला सांगावं?

तिची सकाळ अशी. पावणेपाचला उठायचं, डबे करायचे, आणि साडेपाचला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर शास्त्र घेऊन बसायचं. समोर खाटेवर सासू, छबूबाई. वय ऐंशीच्या पुढे, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. गेली पाच वर्षं छबूबाईंचा एकच हट्ट होता, की रिबकाने मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात वाचलं असतं तर रिबकाचे दहा अध्याय झाले असते, मोठ्याने चारच व्हायचे, म्हणून ती भराभर वाचायची. मान खाली, अधूनमधून नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. सहा वाजून दहा मिनिटांनी त्रिवेणीनगर चौकात कंपनीची बस येई, आणि चौदा वर्षांत ती बस रिबकाने एकदाही चुकवली नव्हती. वाचून झालं की छबूबाई विचारायच्या, "गोड लागलं का गं?"

"हो आत्या," रिबका म्हणायची आणि चौकटीत खूण करायची.

यंदा ओव्हरटाइममुळे ऑगस्टमध्ये तिचे चाळीस अध्याय मागे राहिले होते. कारखान्यातल्यासारखं ती त्याला बॅकलॉगच म्हणायची. नोव्हेंबर संपत आला तसा तिने वेग वाढवला.

त्याच सुमाराला महिला मंडळाच्या सुखदा पारधे घरी आल्या. पारधेबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माणसाला 'नाही' म्हणता येऊ नये अशा बेताने बोलायची त्यांना सवय होती.

"रिबकाताई, शास्त्र रविवारी साक्ष तुमची. सगळ्यांपुढे उभं राहून आपला अनुभव सांगायचा. विषय, वचनातला आनंद. पाचच मिनिटं."

"बाई, मला बोलता नाही येत."

"तेच हवंय. बोलणारे खूप आहेत. पाच वर्षं सलग वाचणारं कोण आहे दुसरं? आणि तक्ता सहीसकट येत्या रविवारी माझ्याकडे द्या, म्हणजे प्रशस्तिपत्रावर नाव छापून घेता येईल."

सही म्हणजे घरातल्या माणसाची. वाचन खरंच झालं याची खात्री म्हणून तक्त्याच्या तळाशी ती लागे. रिबकाच्या तक्त्यावर चारही वर्षं छबूबाईंचा अंगठा होता.

पारधेबाई चहा पिऊन गेल्या. रिबका एका कोऱ्या रिजेक्शन स्लिपच्या मागे साक्ष लिहायला बसली. 'मला देवाच्या वचनात फार आनंद मिळतो' एवढं लिहून झालं. ते वाक्य तिने दोनदा वाचलं. टेबलावर आलं असतं तर तिने ते लाल ट्रेमध्ये टाकलं असतं. सगळ्या मंडळीसमोर, हातात माईक घेऊन, देवाच्या घरात तिला हे खोटं बोलायचं होतं, आणि त्याला दहा दिवस उरले होते. तिला भीती वाटायला हवी होती. तीही फारशी वाटली नाही, आणि हे मात्र तिला लागलं.

शुक्रवारची सकाळ. त्या दिवशी शास्त्रातली सासू-सुनेची गोष्ट होती. दोघी विधवा, दोघी उपाशी, आणि सून परक्या मुलखात कुणाच्या तरी शेतात सरवा वेचायला निघते, कापणी करणाऱ्यांच्या मागे पडलेली कणसं गोळा करायला. रिबका वाचत होती. शास्त्राची पानं कांद्याच्या सालीसारखी पातळ. तिने पान उलटलं, वाचत राहिली, संपवलं आणि पेन उचललं.

"थांब," छबूबाई म्हणाल्या.

"काय झालं आत्या?"

"सून सरवा येचाया गेली. बरं. घरी कवा आली?"

"म्हणजे?"

"आता तू वाचलं का तिला पोरगं झालं. गावातल्या बाया ते सासूच्या मांडीवर द्यायल्या. आगं, अजून ती शेतात हाय. लगीन कवा लागलं तिचं?"

रिबकाने पान मागे उलटलं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती, तेलाच्या बोटाने असेल. मधलं पान गेलं होतं. अर्धं वाक्य एका पानावरचं आणि पुढचं अर्धं तिसऱ्याच पानावरचं, आणि तिने ते सलग वाचलं होतं. अडखळलीसुद्धा नव्हती. केसाएवढी चीर ओळखणारी बाई एक अख्खं पान सोडून पुढे गेली होती आणि तिला कळलं नव्हतं.

"तुझ्या कंपनीत चालतं व्हय असं?" छबूबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

रिबकाला राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं, तर तो राग होता. "बस येईल आत्या," ती म्हणाली, चौकटीत खूण केली आणि निघाली.

त्याच दिवशी तिच्या टेबलावर एक नवीन बाई आली. विजयश्री, बीडकडची, अडतीस वर्षांची. नवऱ्याची कंपनी बंद पडली म्हणून आयुष्यात पहिल्यांदा नोकरीला निघालेली. नव्या बाईला शिकवायची रिबकाची एक पद्धत होती, आणि कारखान्यात ती आता सगळ्यांनी मान्य केली होती. पहिले आठ दिवस तिच्या हातात एकही खराब नग द्यायचा नाही. नुसते चांगले. डोळे मिटून अंगठा फिरवायचा, ठेवायचा, दुसरा घ्यायचा.

दुपारपर्यंत विजयश्री कंटाळली. "ताई, खराब कसा असतो ते तर दाखवा एकदा."

"नाही."

"निस्तं हात फिरवून काय व्हतंय? मला तर काहीच कळंना."

"कळणारच नाही. हात फिरवत राहा."

"मंग कळंल कवा?"

"चांगला नग हातात मुरला की. घाई केली तर नुसते नग मोजले जातात, हाताला काही लागत नाही." हे वाक्य रिबकाने आजवर बावीस बायकांना सांगितलं होतं. तेविसाव्यांदा सांगताना ते तिचं तिलाच ऐकू आलं. मग तिने चष्मा पुसला आणि पुढचा नग उचलला.

संध्याकाळी तिने तक्ता आणि शाईचं पॅड घेऊन छबूबाईंचा हात धरला. अजून तेवीस अध्याय राहिले होते, पण शनिवार-रविवारी ते झाले असते. सही आधी घेऊन ठेवली तर काम मोकळं.

छबूबाईंनी मूठ वळली. "एक पान ऱ्हायलंय."

"आत्ता वाचून देते ना आत्या."

"आत्ता नगं. उद्यापासनं आठ दिस त्येवढंच पान वाच. दुसरं काय बी वाचू नगं. मंग मी अंगठा देते."

"आठ दिवसांनी काय उपयोग? तक्ता परवा द्यायचाय. प्रशस्तिपत्र जाईल माझं."

"जाऊ दे की. चार हायेत न्हवं?"

शनिवारी सकाळी रिबका तक्ता घेऊन नवऱ्याजवळ गेली. घरातल्या कुणाचीही सही चालत होती. शांतवनने पांघरुणातून हात बाहेर काढला, डोळे न उघडता म्हणाला, "आण, कुठे करू?"

तिने त्याच्या बोटांत पेन दिलं. त्याचा हात कागदावर टेकला आणि तिला तो ट्रक आठवला. गेटवरचा हॉर्न, आणि न बघितलेली चार खोकी. साहेबांसमोर छाती काढून बोललेलं आपलं वाक्य आठवलं. तिने नवऱ्याच्या हाताखालून कागद काढून घेतला. तो झोपेतच हवेत काहीतरी गिरवत राहिला.

रविवारी पारधेबाईंनी विचारलं, "सही राहिली का?"

"तक्ताच राहिलाय बाई."

पारधेबाईंचा चेहरा जरा उतरला, पण त्यांनी सावरून घेतलं. "असू दे. प्रशस्तिपत्र पुढच्या वर्षी. साक्ष मात्र द्यायचीच. चार वर्षांचा आनंद आहेच की तुमच्याकडे." रिबकाने हात जोडले, आणि त्याचा अर्थ पारधेबाईंनी हो असा घेतला.

मग ते आठ दिवस. एखाद्याला वाटेल, पहिल्याच सकाळी आकाश उघडलं असेल. तसलं काही झालं नाही. पहिल्या दिवशी एक पान वाचून पाच मिनिटांत संपलं आणि उरलेला वेळ दोघी गप्प बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिला जांभया आल्या. तिसऱ्या दिवशी तिला सुनेचा कंटाळा आला, शेताच्या मालकाचा कंटाळा आला आणि छबूबाईंचा तर सगळ्यात जास्त आला. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की मालक आपल्या गड्यांना काहीतरी बजावतो. पेंढ्यांतली काही कणसं हिच्यासाठी मुद्दाम काढून टाका, आणि तिला रागावू नका. हे तिने चार वर्षांत चारदा वाचलं असणार. तिला ते आठवत नव्हतं.

"मुद्दाम टाकलेली तिला कळली असतील का?" तिने सहज विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

छबूबाई खाटेवर सरसावून बसल्या. "मी येचलाय ना सरवा. बाजरीचा. शेवगावकडं, सात-आठ वरसाची आसंन. आमी चार पोरी. पाटलाचा गडी हाकलायचा, पण पाटलीणबाई आली का ती पेंढी उचलून चालाया लागायची, आन् कणसं गळत जायची. आई म्हनायची, ती मुद्दाम सांडती."

"कशावरून मुद्दाम?"

"सांडलेलं एका जागी पडतं. मुद्दाम टाकलेलं वाटंनं पडत जातं. ज्याच्यासाठी टाकलं त्याच्या हाताला यावं म्हनून."

"मग?"

"मंग काय. आमी येचायचो. ती मागं बघायची न्हाई. बघितलं तर आमाला लाज वाटंल म्हनून." छबूबाई हसल्या. ती बाजरी अजून तोंडात असल्यासारखा त्या थोडा वेळ जबडा हलवत राहिल्या. रिबका त्यांच्याकडे पाहत होती. तिला काही वाटलं नाही, फक्त बसमध्ये बसल्यावर त्या पाटलीणबाईची चालती पाठ तिच्या डोळ्यांपुढे आली आणि महाळुंग्यापर्यंत राहिली.

शनिवारी कारखान्यात तिने विजयश्रीच्या ढिगात न सांगता एक चीर पडलेला नग सरकवला. विजयश्री डोळे मिटून माहेरच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिचा अंगठा थांबला.

"ताई, ह्ये कसंतरीच लागतंय."

"कसं?"

"ते न्हाई सांगता येत. पन ह्ये आपलं न्हाई." तिने डोळे उघडले, नग उजेडात धरला आणि लहान मुलीसारखी हसली. रिबकाने मान डोलावली. तिला त्या बाईचा हेवा वाटला.

शास्त्र रविवारी मंडळीचं मंदिर भरलं होतं. तिघांना प्रशस्तिपत्रं मिळाली, टाळ्या झाल्या. मग पारधेबाईंनी रिबकाचं नाव घेतलं आणि तिच्याबद्दल चार मोठी वाक्यं बोलल्या. रिबका उठून पुढे गेली. हातात कागद नव्हता. माईक तिने जरा लांबच धरला.

"विषय आनंदाचा आहे," ती म्हणाली. "मला आनंद होत नाही. पुष्कळ वर्षं झाली. मी तक्ता भरते. गेल्या शुक्रवारी एक पान वाचायचं राहिलं आणि ते मला कळलंही नाही. सासूबाईंना दिसत नाही, पण त्यांना कळलं. आठ दिवस तेच पान वाचते आहे. अजून काही झालेलं नाही. वाचते आहे."

ती जागेवर येऊन बसली. मागून एका म्हाताऱ्या गृहस्थाने सवयीने "आमेन" म्हटलं आणि मग आपण कशाला आमेन म्हटलं हे लक्षात येऊन ते खोकले. मंडळीच्या पाळकसाहेबांनी घाईने पुढचं गीत सांगितलं.

बाहेर चहाच्या वेळी लोक तिच्याशी नेहमीसारखेच बोलले, फक्त जरा कमी बोलले. पारधेबाई दुसऱ्या टोकाला होत्या आणि तिथेच राहिल्या. त्या आठवड्यात प्रार्थनेसाठी एकही फोन येणार नाही हे रिबकाला कळून चुकलं. पंधरा वर्षांची पत एका मिनिटात गेली होती. त्याचं तिला वाईट वाटलं, आणि खोटं बोलले नाही याचं बरंही वाटलं, पण दोन्ही लांबून. मंडळीतले सगळ्यात जुने वडीलधारे, आबाजी बोर्डे, काठी टेकत तिच्याजवळ आले. ती सांत्वन ऐकायची तयारी करून उभी राहिली.

"कुठलं पान?" आबाजींनी विचारलं.

तिने सांगितलं.

"हं," ते म्हणाले. "मीसुद्धा काढून बघतो घरी." आणि रिक्षाकडे गेले.

सोमवारची सकाळ. छबूबाईंचे आठ दिवस शनिवारीच भरले होते आणि तक्ता आता कुणालाच द्यायचा नव्हता. रिबकाने डबे भरले, एका बाजूची वेणी घातली आणि दुसरी घालायच्या आधी स्टुलावर बसून तेच पान उघडलं. सवय म्हणा. भराभर वाचून संपवायला काही नव्हतंच, तेव्हा ती सावकाश वाचत होती. ओळ आता तिला इतकी ओळखीची झाली होती की पुढचे दोन शब्द न बघताही येत होते. ते म्हणताना तिने मान वर केली.

छबूबाईंचे ओठ हलत होते.

रिबका वाचायची थांबली. ओठ थांबले नाहीत. आवाज न करता ते त्या ओळीच्या शेवटापर्यंत गेले, पुढच्या ओळीवर गेले, आणि रिबका वाचत नाही हे लक्षात आल्यावर थांबले. पाच वर्षं ती या बाईच्या समोर तीन हातांवर बसत होती. मान खाली, नाहीतर घड्याळाकडे. तिने कधी बघितलंच नव्हतं.

"आत्या, तुम्हाला पाठ आहे?"

"व्हय."

"हे पान?"

"ह्ये बी. बरंच हाय. गावात बायबलबाई यायची ना मिशनची. आमाला कुठं वाचाया येत हुतं? ती म्हनायची, आमी मागनं म्हनायचो. दळताना म्हनायचो. ते ऱ्हायलं आत."

"मग पाच वर्षं मला कशाला मोठ्यानं वाचायला लावलंत? तुम्हाला तर गरजच नव्हती."

छबूबाईंचा हात गोधडीवरून उगाच फिरत होता. "तू लगीन होऊन आलीस तवा चुलीपाशी भजनं गुणगुणायचीस. मंग एक दिस थांबलीस. मी म्हनलं, आता हिला इचारलं तर हिला लाज वाटंल. म्हनून रोज म्हनायचे, वाच गं, मला दिसत न्हाई."

सगळी मंडळी जिला विचारत होती, तिची भूक या घरात एका माणसाला ठाऊक होती. पाच वर्षं रोज सकाळी ती आंधळी बाई पुढे चालत होती, तिच्या वाटेवर मूठमूठ टाकत होती आणि मागे वळून बघत नव्हती. आणि रिबका त्यावरून धावत बस गाठत होती.

तिचे डोळे भरले नाहीत. तिने मान खाली घालून पुन्हा ती ओळ वाचली, मालकाने गड्यांना सांगितलेली, आणि या वेळी शब्द आत गेले आणि टेकले. ते सांगणं तिच्याबद्दल होतं. आपल्याला रागावू नका असं कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं आहे, हे तिला कळलं, आणि ते गोड होतं. तिला ते पुन्हा वाचावंसं वाटलं. तिने वाचलं. मग सून ओटीभर धान्य घेऊन घरी येते आणि सासू विचारते, आज कुठे वेचलंस, तिथे आल्यावर रिबकाला हसू आलं. तिने पान उलटलं. चिकटलं नाही ना म्हणून अंगठ्याने दोनदा चाचपून पाहिलं, आणि पुढे काय झालं ते पाचदा वाचलेलं असूनही तिला कळून घ्यायचं होतं म्हणून ती वाचत राहिली.

चौकातून बसचा हॉर्न ऐकू आला. एकदा, मग थोड्या वेळाने दुसऱ्यांदा, लांबलचक. रिबकाने ते ऐकलं नाही. छबूबाईंनी ऐकलं, आणि त्या गप्प बसल्या. हॉर्न तळवड्याच्या दिशेने निघून गेला.

अध्याय संपल्यावर तिने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून पंचवीस मिनिटं. एक वेणी अजून मोकळी होती. फोन थरथरत होता, विजयश्रीचा असणार.

"गेली ना बस?" छबूबाई म्हणाल्या.

"गेली."

"गोड लागलं का गं?"

पाच वर्षं रोज द्यायचं ते उत्तर रिबकाच्या तोंडाशी आलं. ते खरं आहे का, हे बघायला ती क्षणभर थांबली.

"हो आत्या," ती म्हणाली.